वय वर्षे सतरा

"घर सोडून गेलं तर कुठलं कलम लागतं?"

पोरीने विचारलं आणि खांद्यावरची बॅग बाकावर आपटली. बॅग चांगलीच खणखणली.

हवालदारबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. सकाळपासून एक हरवलेली सायकल आणि दोन भांडखोर शेजारी, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्या मानाने ही पोर बरी. केस ओले, अंगाला तरणतलावाच्या औषधाचा वास आणि नजर अशी की ठाणं जणू हिच्याच मालकीचं.

"घरातली भांडी घेऊन निघालीस की काय?"

"सामान आहे. कलम सांगा."

"वय?"

"शाळेच्या दाखल्यावर सतरा."

"मग ऐक." हे बोलणं बाईंना तोंडपाठ होतं. "अठराच्या आत पळालीस तर तुला तुरुंगात नाही टाकत. शोधून आणतो, बालकल्याण समितीपुढे उभी करतो, आणि बहुतेक वेळा परत बापाच्या हवाली करतो. खरी गंमत पुढे आहे. तुला जो कोणी घरात ठेवून घेईल, त्याच्यावर फूस लावल्याचा गुन्हा. कुठे निघाली होतीस?"

"मावशीकडे. प्रसूतिगृहात नर्स आहे ती."

"मग तिची नोकरी गेली म्हणून समज."

पोरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आणि अठरा पूर्ण असतील तर?"

"तर तू तुझ्या मर्जीची राणी. जा कुठेही. पण मग जे करशील ते तुझ्याच माथी. लहान आहे म्हणून कोणी पोटात घालत नाही."

"हे बरंय," पोर म्हणाली.

बाईंना तिचा राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, येईना.

"झालंय काय पण?"

"मला पोहायचं नाही. पुढच्या आठवड्यात निवड स्पर्धा आहे. बाबाच माझे कोच आहेत."

"मारतात?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"अंडी मोजून देतात. पण देतात."

"मग दुखतंय कुठे?"

"दुसरीने पोहणं सोडलं."

दुसरी म्हणजे सहा वर्षं प्रत्येक शर्यतीत हिच्यामागून येणारी मुलगी. तलावावर सगळे तिला त्याच नावाने हाक मारायचे. मागच्या महिन्यात हरल्यावर तिने पोहायची टोपी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून रडत बसली.

हरणारीसाठी जिंकणारीने घर सोडायचं, हे बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी बापाचा नंबर मागितला. एरवी पोरं नंबर द्यायला तास तास रडवतात. हिने एका दमात सांगितला.

कोच वीस मिनिटांत आले. गळ्यात शिट्टी तशीच होती.

"बाई, सगळ्याचं मूळ ती मावशी आहे! महिनाभर हिचे कान भरतेय. तिच्यावर गुन्हा नोंदवा. पोर अजून अज्ञान आहे." त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे बघा. चौदा वर्षांखालचा गट. हिच्या जवळपाससुद्धा कोणी नव्हतं."

फोटोत पोर पदक घालून उभी होती. शेजारच्या दुसरीचं डोकं जेमतेम हिच्या काखेपर्यंत पोचत होतं.

"उंच आहे हो तुमची लेक."

"आमच्या घराण्यात सगळेच उंच." कोच स्वतः बाईंच्या खांद्याला लागत होते. बाईंनी हसू गिळलं.

"बाबा," पोर म्हणाली, "मावशीचं नाव घेऊ नका. शेवटचं सांगतेय."

"घेणार! तुला फार शिंगं फुटलीत."

"मग तुमच्या हाताने लिहा. माझ्या वयासकट."

तिनेच पेन पुढे केलं. कोचनी रागाच्या भरात अख्खा कागद भरला, 'वय वर्षे सतरा' असं ठळक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"वयाचा पुरावा लागेल," बाई म्हणाल्या.

"शाळेचा दाखला उद्या आणतो."

"जन्माचा नाही?"

"घर बदलताना हरवला."

"हरवला नव्हता," पोर म्हणाली. "मावशीने जपून ठेवला होता."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. प्रसूतिगृहाचा शिक्का होता, खाली नर्सची सही. बाईंनी चष्मा लावला, साल वाचलं आणि बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

एकोणीस.

कोचचा हात कागदाकडे गेला. बाईंनी आधीच त्यावर पंजा ठेवला होता.

"बाळा, चल घरी," कोच म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "आपण बोलू."

बाईंना मनापासून बरं वाटलं. मावशी सुटली, पोर सुटली. "जा गं," त्या म्हणाल्या. "बिनधास्त मावशीकडे जा. तुला आता कोणी अडवू शकत नाही."

पोर जागची हलली नाही. तिने बॅग उचलून टेबलावर उलटी केली. त्यात कपडा म्हणून एक नव्हता. सहा वर्षांची पदकं चहाच्या कपापर्यंत घरंगळत आली.

"जायचंय कुणाला? ही सगळी दुसरीची आहेत," ती म्हणाली. तिने त्यातलं सगळ्यात नवं पदक उचलून बाईंच्या हातात ठेवलं. "आणि हे मागच्या महिन्यातलं, अठरा वर्षांखालच्या गटातलं. हा कागद वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते जिंकले. तेव्हा मी लहान नव्हते. आता माझं कलम सांगा."