फणसाखालची म्हैस

“द डोअर इज लॉक्ड, टीचर!” पोरं एका सुरात ओरडली.

“टीचर कोण रे हितं?” उंबऱ्यावरून इंदुबाई खेकसली. “वैनी म्हणा. घरची सून हाय ती.”

प्रियांकानं मान खाली घातली. सासू उंबऱ्यात पाय पसरून आठळ्या सोलत होती आणि तिच्या कमरेला किल्ली लटकत होती. कुंभारवाड्याच्या रानातल्या त्या घराला दार एकच, आणि ते अडवून ही बसलेली.

खानापूरच्या एका शाळेनं प्रियांकाला सोमवारपासून शिकवायला बोलावलं होतं. नवऱ्याच्या कानावर ते गेलं मात्र, प्रवीणनं तिचा मोबाइल काढून घेतला. ट्रक घेऊन गोव्याला निघताना त्यानं आईला बजावलं, “हिनं उंबरा ओलांडायचा न्हाई.” तेव्हापासून विहिरीवर जातानाही इंदुबाई बाहेरून कुलूप घालायची. वाडीतल्या पोरांना घरी शिकवायची तेवढी मोकळीक होती. प्रवीण आज संध्याकाळी परतणार होता. तो आला की सगळंच संपलं, हे प्रियांकाला पक्कं ठाऊक होतं.

पण कुलूप दाराला होतं, तोंडाला नव्हतं. ती पोरांकडून वाक्यं घोकून घ्यायची, “शी इज इन द हाऊस. शी वॉन्ट्स टू गो.” पोरं शाळेत जाऊन रक्षिता बाईंना तीच म्हणून दाखवायची. बाई शहाण्या, त्यांनी ओळखलं. मग त्याही पोरांना घरचा अभ्यास म्हणून एखादं वाक्य द्यायला लागल्या. सासू उंबऱ्यात बसून रोज ऐकायची, पण तिला इंग्रजीचं ओ का ठो कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

“श्वेता, आजसाठी बाईंनी काय दिलं?”

श्वेता हाताची घडी घालून उभी राहिली. “आय विल वेट...” आणि अडली.

इंदुबाईनं आठळी दगडावर आपटली. “मोठ्यानं म्हण की ग! मला झोप याया लागलीया.”

“आय विल वेट अंडर द जॅकफ्रूट ट्री!”

प्रियांकानं मनाशी अर्थ लावला. शाळा सुटली की बाई स्कूटरवरून रामनगरच्या बाजूला जायच्या. वाटेवरच्या फणसाखाली त्या आजच थांबणार होत्या.

“काय म्हणाली ग ही?” इंदुबाईनं विचारलं.

“फणसाखाली म्हैस थांबलीया म्हणाली, आत्ती.”

“म्हैस व्हय,” म्हणून इंदुबाईनं पुढची आठळी उचलली.

पोरं शाळेला गेली. दुपारी सासूचा डोळा लागला की कमरेची किल्ली काढायची, असं प्रियांकानं ठरवलं होतं. पण सासू आज आडवी होईल तर शपथ! शाळा सुटायच्या वेळेला तिनं घागर उचलली, ती बाहेर पडली, आणि कुलूप खटकन लागलं.

प्रियांकानं कणगीमागची पिशवी ओढून काढली आणि दाराशी येऊन बसली. थोड्या वेळानं लांबून हॉर्न ऐकू आला. पुन्हा वाजला. तिनं दारावर दोन्ही हात आपटले.

“आत्ती! दार उघडा!”

कुणाचीच चाहूल नव्हती. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. बाई तरी किती वेळ थांबणार? हातातोंडाशी आलेला घास जात होता आणि तिला रडण्यापलीकडं काही करता येत नव्हतं.

एवढ्यात कुलूप खडखडलं. दार उघडून इंदुबाई उभी राहिली. कडेवरची घागर रिकामीच होती. प्रियांकानं घाईघाईनं पिशवी पाठीमागं धरली, पण सासूनं ती पाहिलीच.

“वाटंवर कोण न्हाई,” इंदुबाई म्हणाली. “म्हैस कवाधरनं हॉर्न मारालीया.”

ती उंबऱ्यावरनं बाजूला झाली. घागर खाली ठेवली, श्वेतासारखी हाताची घडी घातली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली,

“द डोअर इज ओपन, टीचर.”