चुकीच्या किल्ल्या

“एक नाव सांगा,” कुलपांच्या कारखान्याचे मालक म्हणाले. “इतकी वर्षं तुमचा सल्ला घेतोय. तुमच्यामुळे भलं झालं असा माझा एक तरी माणूस दाखवा.”

सल्लागारबाईंनी टेबलावरचे रंगीत तक्ते उगाच सरळ केले. कामगारांचा विमा कसा असावा, आजारपणात रजा कशी मिळावी, घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर मदत कुठून आणावी, हे कंपन्यांना पटवायचं आणि कामगारांच्या पदरात पाडायचं, हे त्यांचं काम. तक्ते त्यांनी खपून केले होते. मालकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात एक नवं कोरं कुलूप होतं आणि समोर किल्ल्यांचा ढीग. बोलता बोलता ते एकेक किल्ली लावून बघत होते. एकही लागत नव्हती, आणि त्याचंच त्यांना समाधान वाटत होतं. या कारखान्याची ती जुनीच रीत. कुलूप आपल्या किल्लीने उघडलं म्हणून पास होत नसे. दुसऱ्या कुठल्या किल्लीने उघडत नाही, हे कळल्यावरच पेटीत जात असे.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. घरून बायको बोलत होती. आतापर्यंत करडा असलेला त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“किल्ली ना? सापडेल गं. मी आलो की दोघं मिळून शोधू.”

बाई आल्यापासून हाच फोन पुन्हा पुन्हा येत होता आणि हेच उत्तर जात होतं. घरच्या किल्लीसाठी वेळच वेळ आहे आणि माझ्या तक्त्यांसाठी नाही, असं बाईंच्या मनात आलं. कुलपं विकणाऱ्याच्याच घरी किल्ली सापडू नये, याचं एरवी त्यांना हसूही आलं असतं. आज नाही आलं. हा करार मोडला तर भाड्याच्या दोन खोल्यांतलं त्यांचं ऑफिस गुंडाळावं लागणार होतं. मग या वयात पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली जायचं.

आणि नाव तर अगदी ओठांवर होतं. ते नाव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलं होतं.

कारखान्याचा मुकादम. दांडगा गडी, एका हाताने पेटी उचलणारा. मागच्या वर्षी पॉलिशच्या खोलीमागे तो बाईंना गुडघ्यांत डोकं घालून बसलेला सापडला होता. रडू थांबत नव्हतं आणि कशाचं रडू येतंय तेही त्याला सांगता येत नव्हतं. बाईंनी त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं, त्याच्या बायकोची समजूत काढली, रजा मिळवून दिली. कारखान्यात सगळे समजले, मुकादमाची पाठ धरली. तेव्हा त्याने बाईंपुढे हात जोडले होते आणि एवढंच मागितलं होतं, की हे कुणाला कळता कामा नये.

“मुकादम, तू सांग,” मालक म्हणाले. “आपल्यातलं कुणी कधी गेलं होतं यांच्याकडे?”

मुकादमाने फरशीकडे बघत मान हलवली. नाही.

बाईंना त्याचा राग आला नाही. उलट पोटातून माया दाटून आली. गडी ताठ बसला होता, त्याच्या गालांवर पुन्हा मांस चढलं होतं. त्यांनी तक्ते गोळा करून बॅगेत घातले.

“नाव नाही सांगता येणार, साहेब.”

“मग करार विसरा.”

“विसरते,” बाई म्हणाल्या. त्यांनी बॅग बंद केली. “पण नाव नाही मिळायचं.”

मालकांनी ढिगातली शेवटची किल्ली कुलपाला लावून पाहिली आणि कुलूप बाजूला ठेवलं. मग मुकादमाला जायची खूण केली. दाराशी तो घुटमळला, बाईंकडे बघितलं, आणि डोळे पुसत बाहेर पडला. मालकांनी उठून स्वतः दार लावलं.

“पाठ धरली नव्हती त्याची,” ते म्हणाले. “त्यानंच सांगितलं मला. परवा मी जिन्यात बसून राहिलो होतो, उठवत नव्हतं. तर म्हणाला, त्या बाईंकडे जा, त्या कुणाला बोलायच्या नाहीत. माझा विश्वास बसेना. म्हणून त्याला इथं बसवून तुम्हाला नाव विचारलं. तो नकोच म्हणत होता. चुकलं माझं. करार झाला समजा, मला दुसरंच विचारायचंय.”

बाईंना राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण फोन पुन्हा वाजला, आणि तो घेताना मालकांचा चेहरा त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला.

“हो गं. सापडेल. आलो की शोधू.”

फोन ठेवून मालक खुर्चीत बसले. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

“किल्ली तिच्या गळ्यातच असते,” ते म्हणाले. “रोज सकाळी मीच घालतो. पण तसं सांगितलं की घाबरते. म्हणून शोधू म्हणतो.”