चेनचा स्वेटर

"दोनशे वर्षांपूर्वीच्या बाजारात चेनचा स्वेटर! आई, या सिनेमाचे कपडे तूच शिवलेस ना?" संकलक लेक करवादला.

"माझी अक्कल अजून चरायला गेलेली नाही," म्हणत ती पडद्याशी वाकली.

गर्दीत एक मुलगी मान खाली घालून अडकलेली चेन ओढत होती. निळा स्वेटर. असा आईने आयुष्यात एकच विणला होता, अधू बोटांच्या धाकटीसाठी, तिला बटणं लावता येत नसत म्हणून. नऊ वर्षांपूर्वी धाकटीला त्याच स्वेटरात शेवटचा निरोप दिला होता.

लेकाने ते दृश्य कापलं. पुढच्या दृश्यातही ती होतीच, दोन पावलं जवळ.

"हेही कापतो." तो घाईने कळफलकाकडे वळला.

"हात लावून तर बघ!" आईने काचेवर बोट टेकवलं. "थांब गं बाळा, ओढू नकोस, तुटेल."

पडद्यावरचे हात थांबले.