कोण कुणाला अडवणार

प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मालिका सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी प्रशिक्षक खापरे सरांनी पडद्यावर दोन्ही बास्केटबॉल संघांतल्या, एकमेकींना अडवणाऱ्या खेळाडूंच्या जोड्या लावल्या. नुसत्या चालण्या-धावण्यावरून शरीराच्या आतलं ओळखणाऱ्या यंत्राने त्यांच्या संघातल्या शाल्मलीसमोर पुण्याच्या रेवतीचं नाव टाकलं होतं. उंची, उडी आणि शेवटी एक ओळ: सहा आठवड्यांची गरोदर, तिला अजून ठाऊक नाही.

“उद्या सामना सुरू होताना हळूच तिच्या कानात सांग,” सर म्हणाले. “मग ती अंगावर यायची नाही.”

या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं शाल्मलीला वाटलं.

“सर, यंत्राने मलाही तपासलं असेल ना? माझ्यापुढे काय लिहिलंय?”

सरांनी घाईघाईने पडदा बंद केला.

“मालिका संपू दे,” ते म्हणाले. “मग सांगतो.”