हौसाक्कांची कवळी

"ही पण खुळखुळायला लागली बघ," म्हणत हौसाक्कांनी खालची कवळी काढून लोणारींच्या टेबलावर ठेवली. खोट्या दातांवरही मिश्रीचा काळा थर होता. जन्माची सवय, दात पडले तरी सुटली नव्हती.

"अक्का, झोपतानाही काढत नाही तुम्ही. तिच्या दाबानं खालचं हाड झिजतंय." तीस वर्षं कवळ्या बनवणारे लोणारी हे प्रत्येकाला सांगत.

"मग काय बोळक्या तोंडानं मरू? नवी कर. सरणावर जाताना तोंडात पायजे माझ्या."

लोणारींनी माप घेतलं, प्लास्टरमध्ये अक्कांचा जबडा ओतला आणि त्यावर नवी कवळी बनवली. घट्ट बसली. दुसऱ्या दिवशी ती पोचवायची होती, पण ते आधी भाच्याच्या लग्नाला गेले. चार दिवसांनी परतले, तोवर अक्का जाऊन त्यांच्या अस्थी सावडूनही झाल्या होत्या.

त्यांनी कवळीला हात लावला तर ती प्लास्टरच्या जबड्यावर सैल झालेली. आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून त्यांनी आतून अस्तर दिलं, पुन्हा घट्ट बसवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आठ दिवसांनी कुलूप काढलं. कवळी पुन्हा खुळखुळत होती. तिच्याखालचा प्लास्टरचा जबडा झिजून पार सपाट झाला होता.

लोणारींनी कवळी खिडकीपाशी उजेडात धरली. कुणाच्याच तोंडात न गेलेल्या त्या पांढऱ्या दातांच्या मुळाशी मिश्रीची काळी रेघ होती. अजून ओली.