आधी मतदान, मग खाऊ

कंपनीच्या सभेत ठराव वाचायला लागले की भागधारक खाऊच्या खोक्यांसाठी दाराशी रांग लावतात आणि ठराव आपोआप मंजूर होतो. यंदाचा ठराव होता सरकारकडे पुन्हा करमाफी मागायचा. मागच्या माफीने सरकारी तिजोरीत खडखडाट, म्हणून सरकारने आमचा बाळंतपणाचा दवाखाना बंद केलाय, आणि सुनेचे दिवस भरत आलेत. मी खोक्यांच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. “आधी मतदान, मग खाऊ.” अध्यक्ष गोड हसले. “आजी, आमची बांधिलकी भागधारकांशी.” “मग बोल की माझ्याशी! नवऱ्याचे शेअर माझ्याच नावावर. दवाखाना बंद करून मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यांना उंबऱ्यावरूनच हाकललं, तुला सोडते होय?” रांगेतला म्हातारा करवादला, “अहो, उठा, भूक लागलीय.” “तुमच्या नातीला कळा आल्या की न्याल तिला या खोक्यातून?” तो रांग सोडून अध्यक्षांना म्हणाला, “ठराव पुन्हा वाचा. सावकाश.”