आईची कविता

"बाळ, पत्ता सांग ना गं. मी बॅग भरून बसलेय." फोनमधून आईचा आवाज आला.

नंबर अनोळखी होता. नर्सच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. समोर बसलेल्या बाई जोरजोरात मान हलवत होत्या. नको, नको. नवऱ्यांपासून पळून आलेल्या बायकांचं हे निवाराघर बाईच चालवायच्या. पत्ता फुटला की नवरा दारात हजर, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. आणि या नर्सचा नवरा साधासुधा नव्हता. कुणाचाही हुबेहूब आवाज काढणारी यंत्रं बनवायची, हीच त्याची नोकरी. हिचा हातही त्यानेच मोडला होता.

"हा नंबर कुणाचा?" नर्सने विचारलं.

"शेजारणीचा. माझा फोन बिघडलाय."

बोलताना लागणारी धापसुद्धा आईचीच.

"आई, मी झाले तेव्हा तू कविता केली होतीस ना? ती म्हणून दाखव. मग सांगते."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कवितेला हल्ली विचारतो कोण? वाढदिवसाच्या संदेशापुरती उरलेली ती बिचारी, आणि आज तिला एकदम दारावर पहाऱ्याला उभं केलं होतं.

"आत्ता? थांब हं, आठवू दे."

थोडा वेळ नुसतीच खरखर. मग शब्द येऊ लागले.

"तू आलीस नि घरभर उजेड सांडला,
जणू माझ्या ओंजळीत चंद्रच मांडला.
तुझ्या इवल्या मुठीत माझं आभाळ मावलं,
रेंगाळलेलं जगणं तुझ्यामागे धावलं."

शेवटच्या ओळीला गळा दाटून आला होता. बाईंनी उभा जन्म शाळेत कविता शिकवलेल्या. त्यांना राहवेना. डोळे पुसत त्यांनी कागदावर लिहिलं, 'आईच आहे. सांगून टाक.'

नर्सला रडू फुटलं.

"बस स्टँडसमोर पिवळी इमारत आहे. तिच्या मागचा दरवाजा वाजव. कुणाला विचारत बसू नकोस."

"आलेच." फोन बंद झाला.

बाई ताडकन उठल्या. "अगं, डोकं फिरलं का तुझं? तो तर पोलीस चौकीचा मागचा दरवाजा!"

"चौकीत कळवा, बाई. तो निघालाय," नर्स म्हणाली. "माझ्या आईनं जन्मात कधी कविता केली नाही."